झेपणार नाही, असं मी म्हणालो

संगमनेर,
रविवार, १४ नोव्हेंबर १९९९

प्रिय सीमा,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आज रविवार. मधले चार दिवस मी रोज उत्तर लिहायला बसलो आणि रोज कागद फाडला. प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे. प्रश्न अगदी सोपा होता. प्रवीणरावांच्या शाळेला साखर कारखान्याने आपला जुना कॉम्प्युटर दिला, त्यावर विंडोज पंच्याण्णव चालेल का, की आहे तेच जुनं ठेवावं, असं हेडमास्तरांनी विचारलंय. तू मशीनवरचे आकडेही नीट उतरवून पाठवलेस. चारशे शहाऐंशी, सहासष्टचा वेग, रॅम आठ एमबी, हार्ड डिस्क तीनशे चाळीस. एकही आकडा चुकला नाही, एकही राहिला नाही. आणि खाली लिहिलंस, "मला आता त्यातलं काही आठवत नाही दादा. तू सांगशील ते हेडमास्तरांना सांगते." हे एक वाक्य मी किती वेळा वाचलं, ते सांगता येणार नाही.

आधी उत्तर देतो, म्हणजे शाळेचं काम अडायला नको. चालेल. आठ एमबीवर पंच्याण्णव व्यवस्थित चालतं. सुरू व्हायला जरा वेळ घेईल, पण पोरांना टायपिंग आणि चित्रं शिकवायला पुरेसं आहे. अठ्ठ्याण्णवच्या मात्र नादी लागू नका. त्याला सोळा एमबी लागते, ते या मशीनच्या आवाक्याबाहेरचं आहे. टाकताना जुन्या फाइली राखून ठेवायच्या का, असं ते विचारतं, तिथे 'हो' म्हणायचं. नाही जमलं तर मागे येता येतं. हे मला अनुभवाने माहीत आहे. कोणत्या अनुभवाने, ते पुढे लिहितो. पत्र इथेच घडी घालून ठेवू नकोस.

इकडे आई बरी आहे. तिने या वर्षी मागच्या अंगणात गवार लावली आणि ती इतकी आली की गल्लीत वाटून आम्ही दमलो. माझ्या दूध संस्थेत सध्या एकच विषय आहे, दोन हजार साल. एक जानेवारीला सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, असं कुणीतरी मॅनेजरसाहेबांच्या डोक्यात भरवलंय. ते रोज माझ्या टेबलापाशी येऊन विचारतात, "भीमराज, आपल्या मशीनचं काय?" मी मशीन तपासतो, कागदावर लिहून देतो, ते समाधानाने जातात. माझ्या शब्दावर माणसं किती पटकन विश्वास ठेवतात, हे बघून हल्ली मला कसंतरी होतं.

आपल्या घरात कॉम्प्युटर आला तो दिवस तुला आठवतो का? पंच्याण्णव सालचा मार्च. बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून मी ते जुनं मशीन उचललं होतं. टेम्पोतून उतरवताना अण्णा डेपोतून सुट्टी टाकून आले होते. एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून उभा जन्म भोंग्यावर गाड्या पुकारलेल्या माणसाने त्या दिवशी आवाज इतका खाली आणला होता, जणू मशीन झोपलंय आणि जागं होईल. आईने जुन्या लुगड्याचं आवरण शिवलं. ती म्हणाली, "धूळ लई हाय आपल्याकडं, झाकून ठिवा." मला वाटलं होतं, मी घरी सराव करीन. सराव तू केलास. मी ऑफिसातून यायचो तेव्हा तू कीबोर्डवर असायचीस. टायपिंगच्या दोन परीक्षा झालेल्या, त्यामुळे बोटं धावायची. पण नुसती बोटं नव्हती तुझी. मशीनमध्ये मदतीची जी इंग्रजी पानं असतात, ती कोण वाचतं? तू डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलीस. सहा महिन्यांत पत्रिका, कॉलेजच्या प्रश्नपत्रिका, जयंतीची पत्रकं तू लावायला लागलीस. मजकूर पानावर कुठे मोकळा सोडायचा आणि कुठे दाटायचा, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. मी तर ते अजूनही शिकलेलो नाही.

मग शहाण्णवचा तो वार्षिक अहवाल. सर्वसाधारण सभा तोंडावर आली होती. मॅनेजरसाहेबांनी मला सांगितलं, या वेळी अहवाल कॉम्प्युटरवर झाला पाहिजे, आकृत्यांसकट. मी तीन दिवस झटलो आणि ओळी एकमेकींवर चढत राहिल्या. शेवटी मी फ्लॉपी घरी आणून तुझ्यापुढे टाकली. तू आठ दिवस राबलीस. कोणत्या गावातून किती दूध आलं, त्याच्या आकृतीत तू प्रत्येक गावासाठी एक छोटी किटली काढलीस, लहान दूध लहान किटली, मोठं दूध मोठी किटली. अडाणी सभासदालाही कळावं म्हणून. सभेत लोकांनी ते पान उलटून उलटून बघितलं. अध्यक्षांनी माझा हात वर केला आणि टाळ्या वाजल्या. मी घरी येऊन तुला सांगितलं, "अहवाल आवडला सगळ्यांना." तू विचारलंस, "किटल्या?" मी म्हणालो, "हो, किटल्या पण." तू खूश झालीस. तुझं नाव मी घेतलं नव्हतं, हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

त्याच दिवाळीच्या सुमारास दोन गोष्टी एकदम आल्या. प्रेसवाले राधाकृष्णशेठ घरी आले. त्यांनी प्रेसमधली मशीन नवी केली होती, सगळीकडे पंच्याण्णव टाकलं होतं, आणि मराठी अक्षरांचं नवं सॉफ्टवेअरही त्याच्यावरच चालायचं. ते तुला म्हणाले, "ताई, तुमच्या मशीनवर पंच्याण्णव बसवा, शाळा-कॉलेजांचे वार्षिक अंक सगळे तुमच्याकडे देतो. वर्षभर पुरेल एवढं काम आहे." आणि त्याच आठवड्यात श्रीगोंद्याहून प्रवीणरावांचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर चांगलं, पण त्यांना उन्हाळ्यात लग्न उरकायचं होतं. तू अण्णांना सांगितलंस, स्थळाला नाही म्हणत नाही, पण मला एक वर्ष द्या. एका वर्षात मी माझं काम उभं करते.

अण्णा त्या दिवशी जेवताना काय बोलले, ते तुला माहीत नाही. तू पाणी भरायला गेली होतीस. ते मला म्हणाले, "भीमराज, मला त्या यंत्रातलं कळत न्हाई. तुला कळतं. ते नवं काम त्या यंत्राला झेपनार असंल, तर मी पाहुण्यांना कळवतो, वरीसभर थांबा. न्हाई थांबले तर दुसरं स्थळ बघू. पन झेपनार नसंल, तर पोरीला नुसत्या आशेवर का ठिवायचं? तू बघ आन मला सांग." एवढंच. तुझं वर्ष त्यांनी माझ्या हातात दिलं आणि ते ड्यूटीवर गेले.

पुढचं तुला माहीत आहे, किंवा माहीत आहे असं तुला वाटतं. मी रविवारी मशीनचं झाकण उघडलं. संध्याकाळी तू आणि आई अकोले गावाहून परत आल्यावर मी सांगितलं, झेपणार नाही. आपल्या मशीनच्या चार एमबीवर पंच्याण्णव चालूच शकत नाही. तू झाकण उघडं असलेल्या मशीनकडे बघत होतीस. एकच प्रश्न विचारलास, "आणखी चार टाकली तर? जागा दिसतेय रिकामी." मी म्हणालो, "बोर्ड जुना आहे. जागा आहे, पण घेत नाही. ऑफिसात बघितलंय मी." तू आणखी एकदा आत बघितलंस आणि मग माझ्याकडे. तुझ्या डोळ्यांत शंका आलेली मला दिसली, आणि तू ती स्वतःच बाजूला सारलीस. दादाला कळतं, म्हणून. तू आवरण घेऊन मशीन झाकलंस. अण्णा आले, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्यांनी दुसऱ्या दिवशी डेपोतून श्रीगोंद्याला फोन केला.

सीमा, मी चुकलो असतो तर हे पत्र लिहिलं नसतं. माणूस मशीनच्या बाबतीत चुकतो. मी चुकलो नव्हतो.

त्या रविवारी तू आणि आई मावशीच्या नातवाच्या बारशाला अकोल्याला गेला होतात. तुमची गाडी सुटली तसा मी दार लावून बसलो. ऑफिसातल्या मोडीत निघालेल्या मशीनच्या मेमरीच्या चार पट्ट्या मी आदल्या दिवशी खिशातून आणल्या होत्या, आणि पंच्याण्णवच्या तेरा फ्लॉप्याही. आधी मी चार एमबीवरच टाकून बघितलं. तेरा फ्लॉप्या एकामागून एक घालत दुपार झाली. ते चाललं. रखडत, धापा टाकत, पण चाललं. मग मी पट्ट्या बसवल्या. बोर्डने त्या पहिल्या झटक्याला घेतल्या. मशीन पुन्हा सुरू केलं, पडद्यावर निळ्या आभाळात पांढरे ढग आले आणि दोन मिनिटांत सगळं समोर उघडलं. मी तुझी अहवालाची फाइल उघडली. किटल्या जशाच्या तशा आल्या. मी एकटाच होतो आणि मला क्षणभर इतका आनंद झाला, सीमा, की तू कधी येतेस आणि कधी तुला दाखवतो असं झालं. हे खरं आहे. तो आनंद खोटा नव्हता.

मग मी त्या किटल्यांकडे बघत बसलो. राधाकृष्णशेठच्या प्रेसमधूनच आमचा अहवाल छापून घेतला जायचा. तू काम सुरू केलंस की दोन महिन्यांत सगळ्या संगमनेरला कळणार होतं की या मुलीचा हात कसा आहे, आणि मग मॅनेजरसाहेबांनाही कळणार होतं की किटल्या कुणी काढल्या. मार्चमध्ये कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख नेमायचा होता. माझं नाव पुढे होतं, ते त्या अहवालावर. पण नुसती बढती हुकण्याची भीती असती तर मी कदाचित तिच्यावर मात केली असती. त्याखाली आणखी एक होतं. घरात पहिला शिकलेला मी. पहिला ऑफिसात गेलेला मी. आत्या, मामा, गल्लीतले लोक सगळे म्हणायचे, भीमराजला कॉम्प्युटर येतो. आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान बहीण, जिला मी माउस धरायला शिकवलं, ती कधीच माझ्या पुढे निघून गेली होती आणि हे फक्त मला माहीत होतं. आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्याखालीच ते मशीन होतं. मी त्या फोटोकडे पाठ करून पट्ट्या काढल्या. पंच्याण्णव काढून टाकलं. जुन्या फाइली राखून ठेवल्या होत्याच, सगळं पहिल्यासारखं झालं. फ्लॉप्या पिशवीत घातल्या आणि तुमच्या गाडीची वाट बघत बसलो.

मार्चमध्ये मी प्रमुख झालो. मे महिन्यात तुझं लग्न झालं.

मी असं म्हणत नाही की तुझा संसार वाईट झाला. प्रवीणराव सज्जन माणूस आहे, तुला जपतात, स्नेहल गोड आहे. पण मागच्या वर्षी मी तिकडे आलो होतो तेव्हा तू ओट्यावर बसून शेजारच्या कडूबाईंचा रेशनकार्डाचा अर्ज लिहून देत होतीस. कागदावर तू आधी बोटाने जागा मोजलीस, मग लिहायला लागलीस. समास दोन्हीकडून सारखा. मी चहाचा कप तसाच ठेवला आणि स्टँडला जायचं निमित्त काढून उठलो. तुला वाटलं मला घाई आहे.

आणि अण्णांवरचा तुझा राग मला माहीत आहे. तू तो कधी तोंडावर बोलली नाहीस, पण लग्नानंतर त्यांना पत्र लिहिताना तू 'ती. अण्णा' एवढंच लिहून खाली आईलाच सगळं लिहायचीस. बाळंतपणाला आलीस तेव्हा आईला म्हणालीस, "सगळ्यांना शिका म्हणून सांगणाऱ्या माणसानं मला एक वर्ष दिलं नाही." अण्णा बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी ते ऐकलं. मीही ऐकलं. त्यांना दवाखान्यात ठेवल्याचं कळवलं, तेव्हा तू स्नेहलला ताप आहे असं लिहिलंस, आणि पोचलीस ती ते गेल्यावर. तू रडली नाहीस. लोक म्हणाले, पोरगी कठीण आहे. मी गप्प बसलो.

आता हे पत्र मी का लिहिलं, ते सांगतो. शाळेच्या कॉम्प्युटरचं उत्तर एका पोस्टकार्डावर मावलं असतं. अण्णा गेले त्याच्या तीन दिवस आधी दुपारी मी एकटा त्यांच्यापाशी होतो. घशाच्या दुखण्याने आवाज पार गेला होता, नुसत्या श्वासावर बोलायचे, कान तोंडाशी न्यावा लागायचा. ते म्हणाले, "भीमराज, ते यंत्र झेपत नव्हतं, तर मी पोरीला नवं घ्यायला पायजे हुतं. फंडातनं काढता आलं असतं. माज्या ध्यानातच आलं न्हाई रे. ती रागावली हाय, ते तिचं बरोबर हाय." त्यांचा हात माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं मला. अण्णा, ते झेपत होतं. एवढंच. मी म्हणालो, "अण्णा, बोलू नका, झोपा." आणि तो माणूस स्वतःला दोष देत गेला, माझ्यासमोर. ते मला आता भरून देता येणार नाही. पण तू अजून त्यांना दोष देतेस, ते थांबवता येईल. त्यांनी तुला वर्ष नाकारलं नव्हतं, सीमा. त्यांनी ते दिलं होतं. मी ते तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. आज सकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सगळे निवडून घेतले, मग म्हणाली, "आधी तिला लिव्ह. तिचं उत्तर आल्याबिगर माज्याशी बोलू नगंस." त्यानंतर तिने माझ्याकडे पाहिलेलं नाही. अठ्ठावीस तारखेला अण्णांचा पहिला स्मृतिदिन आहे. भन्तेजी दहा वाजता येतील. तू येणार नाहीस असं आईला कळवलंस, ते मी वाचलं. ये. आदल्या दिवशी नगरहून दुपारची गाडी धरलीस तर ऊन उतरेपर्यंत पोचशील. मी स्टँडवर येणार नाही, आणि तुला मी घरात नको असेन तर तसं एका ओळीत लिही, मी दोन दिवस नाशिकला जाईन. तुला घ्यायला आई स्वतः येईल.

प्रवीणरावांना जयभीम, स्नेहलला खूप खूप आशीर्वाद.

म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर,
तुझाच दादा,
भीमराज